मा क्लोथिलचं दफन आणि सरकारचं एक मत

आमच्या बेटावर माणूस गेला की आधी रेडिओला कळतं, मग नातेवाइकांना, आणि या दोघांच्या मध्ये कुठेतरी माझ्या एव्हरिस्टमामाला. रेडिओवर मृत्युवार्ता सुरू झाल्या की मामा कोकोच्या चहात बुडवलेला पाव तसाच हवेत धरायचा. पावाचा ओला तुकडा तुटून कपात पडायचा, मामी करवादायची, मामा नुसतं बोट वर करायचा. कोण गेलं यात त्याला फारसा रस नसायचा. दफन कुठल्या वारी आहे, तेवढं त्याला हवं असायचं.

कारण मामा सत्ताधारी पक्षाचा प्रतोद. सेंट हॉर्टेन्सची संसद मासळीबाजाराच्या माडीवर भरते. सदस्य पंधरा, आठ आमचे, सात त्यांचे. सभापती म्हणजे बाहेरून आणलेले एक निवृत्त न्यायाधीश, त्यांना मत नाही, आणि मतं सारखी पडली की ठराव पडलाच म्हणून समजायचं. म्हणजे आमच्या आठांतला एक जण जरी नाक शिंकरायला बाहेर गेला तरी सर्दी सरकारला. त्यात आमचा रिवाज असा की मंत्री संसद चुकवू शकतो, बायकोचा वाढदिवस चुकवू शकतो, पण मतदारसंघातलं दफन चुकवलं तर पुढच्या निवडणुकीत लोक त्यालाच मूठमाती देतात.

मामा तरुणपणी गावात डॉमिनोच्या स्पर्धेतल्या जोड्या लावायचा. कुणाला कुणासमोर बसवलं की टेबल उलटणार नाही, हे त्याला चेहरे बघून कळायचं. पक्षाने त्याला त्यासाठीच उचलला. पुढे एका निवडणुकीत आमचा उमेदवार नारळाच्या झाडावरून पडला, दुसरं कुणी मिळेना, म्हणून मामाला उभं केलं आणि तो निवडून आला. तेव्हापासून पाच वेळा आला. पण सभागृहात त्याने तोंड म्हणून उघडलं नाही. प्रचारातसुद्धा तो माइकसमोर यायचा, घसा खाकरायचा, शेजारच्याकडे हात करायचा आणि खाली बसायचा. लोक टाळ्या वाजवायचे. इतकं थोडक्यात आटोपणारा पुढारी त्यांनी दुसरा पाहिलाच नव्हता.

त्याचं खरं काम शनिवारच्या बाजारात चालायचं. तिथे विरोधी पक्षाच्या प्रतोद, मिस युलाली, हातगाडीशेजारच्या बाकावर बसलेल्या असायच्या. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आवाज मात्र चर्चच्या घंटेसारखा. त्यांनी मामाला लहानपणी रविवारच्या शाळेत धर्माचे धडे शिकवले होते, त्यामुळे त्या मामाला अरेतुरे करायच्या आणि मामा त्यांना अहोजाहो. तुमचा एक जण शुक्रवारी दफनाला जातोय ना, मग आमचाही एक जण घरी ठेवते, असा तो हिशेब. दोघांचं ठरलं की हातगाडीवरची एक बेक घ्यायची. बेक म्हणजे पुरीचीच जाडी बहीण. ती मोडून अर्धी अर्धी खायची. कागद नाही, सही नाही, साक्षीदारही नाही, कारण साक्षीदार विकत मिळतात. खाल्ली म्हणजे शब्द दिला. या अर्ध्या बेकेवर आमच्याकडे किती सरकारं तगली ते इतिहासाच्या पुस्तकात नाही.

तर अर्थसंकल्पाच्या आधीच्या आठवड्यात आन्स मारीची मा क्लोथिल गेली. शंभराला टेकलेली. तिची मृत्युवार्ता वाचणाऱ्या बाईंचा आवाज काढायचा तर आधी नाक चोंदवून घ्यावं लागतं. प्रत्येक नातेवाइकानंतर त्या बारीक हुंदका देतात, मग तो नातेवाईक जिवंत असला तरी. “मागे शोक करायला उरली मुलगी अर्नेस्टिन, हुं, ब्रुकलिनचा मुलगा आंब्रोझ, ज्याला सगळे ‘लोखंड’ म्हणतात, हुं, टोरांटोच्या तिन्ही नाती, हुं.” असं चाललं ते चाललंच. मामीचे नीरफणसाचे काप तळून झाले, खाऊन झाले, बशा धुऊन झाल्या, बाई आपल्या नातवंडांतच.

दफन शुक्रवारी, नेमकं अर्थसंकल्पाच्या मतदानाच्या दिवशी. आन्स मारी हा ओनेझिमचा मतदारसंघ. ओनेझिम आमचा मत्स्यमंत्री, मनाने लोण्याचा गोळा, आणि बेटावरचा सगळ्यात नामांकित रडणारा. त्याला तिथे जाणं भागच होतं. शनिवारी मामा आणि मिस युलाली बाकावर बसले. विरोधकांचा बोनिफास हा मा क्लोथिलच्या भावाचा नातू, तो शवपेटीला खांदा देणार होता. ओनेझिम आणि बोनिफास, जोडी जमली. सात विरुद्ध सहा, सरकार सुखरूप. बेक मोडली, खाल्ली, मामाने बोटं चाटली.

मग गुरुवारी समुद्र खवळला. आमच्या पर्यटनमंत्री हायसिंथबाई छोट्या बेटावर नव्या धक्क्याचं उद्घाटन करायला गेल्या होत्या, तिथेच त्यांचं सासर. धक्क्याचं उद्घाटन झालं आणि त्या धक्क्याला बोट लागेना. फेरी बंद. हायसिंथबाईंनी फोनवर सांगितलं की देशासाठी त्या प्राण देतील पण पोहणार नाहीत. पर्यटनमंत्री असूनही बाईंना पाण्याची इतकी धास्ती की टबसुद्धा अर्धाच भरायच्या.

सातांचे सहा झाले. सहा विरुद्ध सहा. अर्थसंकल्प पडणार, पाठोपाठ सरकार.

आणि शुक्रवारी दुपारी रेडिओवरच्या बाईंनी सांगितलं की ब्रुकलिनचं विमान बार्बाडोसला अडकल्यामुळे मा क्लोथिलचं दफन पुढच्या शुक्रवारी, हुं. लोखंड आल्याशिवाय म्हातारी खड्ड्यात जाणार नव्हती. आमच्याकडे परदेशातली मुलं पोचेपर्यंत शवागारात थांबायचं, हे मेलेल्यांनाही माहीत असतं.

आता पंतप्रधान डॉक्टर फॉन्तनेल यांच्याविषयी. ते मूळचे दातांचे डॉक्टर. बोलणं मऊ, हसणं स्वच्छ, आणि सवय अशी की समोरच्याचं तोंड भरलेलं असतानाच प्रश्न विचारायचा. मामा सभागृहाच्या जिन्याखाली खारवलेला मासा आणि पाव खात होता तेव्हा ते आले. म्हणाले, छान झालं, देवच पाठीशी आहे. दफन रद्द, म्हणजे ओनेझिम मोकळा. तो शहरातच आहे, काळा सूट घालून रमच्या दुकानात गाडीची वाट बघतोय, त्याला वर आणून बसव. बोनिफास तर पहाटेच डोंगरापलीकडे गेलाय, तिथे फोनला रेंज नाही आणि बस संध्याकाळशिवाय नाही. सात विरुद्ध सहा. जरासं टोचेल, पण लगेच थांबेल.

मामाने घास गिळला. मग म्हणाला, ओनेझिमची जोडी लावलेली आहे.

डॉक्टरांनी समजावलं की जोडी दफनासाठी होती. दफनच नाही तर जोडी कसली? बेक ज्या कारणासाठी खाल्ली ते कारणच उरलं नाही, म्हणजे कायद्याने बघितलं तर ती खाल्लीच नाही.

“डॉक्टर,” मामा म्हणाला, “ती पोटात गेली. कशासाठी गेली ते आता पोटाला विचारून काय होणार?”

“तू प्रतोद कुणाचा आहेस, एव्हरिस्ट? माझा की त्या म्हातारीचा?”

“तुमचाच. पण माझा शब्द आज मोडला, तर उद्या तुम्हाला माझा काय उपयोग? नुसता माणूस काय, बाजारात मिळतो.”

डॉक्टर हसले. ते हसले की त्यांच्या सगळ्या रुग्णांना घाम फुटायचा. त्यांनी ड्रायव्हरला ओनेझिमला आणायला पाठवलं आणि मामाला सांगितलं की आज सरकार पडलं तर तूही पडलास, आणि नाही पडलं तरी हुकूम मोडलास म्हणून पडलासच.

मामा आधी पलीकडच्या दालनात गेला. मिस युलाली गुडघ्यांना कापूर चोळत बसल्या होत्या. मामाने सगळं होतं तसं सांगितलं आणि विचारलं, सोडताय का मला शब्दातून?

“बोनिफास वेळेत येऊ शकतो?”

“नाही.”

“मग ओनेझिमही येणार नाही.”

“बरोबर आहे.”

“बरोबर आहे हे ठाऊक होतं, तर जिने चढून विचारायला कशाला आलास?”

“विचारलं नाही, असं पुढे कुणी म्हणू नये.”

मिस युलाली म्हणाल्या की लहानपणीही तो असाच होता, दहा आज्ञा पाठ, फक्त क्रमाने येत नव्हत्या. आणि कापराची डबी बंद केली.

आता दोन कामं होती. एक म्हणजे ओनेझिम. ओनेझिमचा स्वभाव असा की शेवटी जो बोलेल त्याचं खरं. ड्रायव्हर पोचण्याआधी मामाने रमच्या दुकानात फोन लावला आणि एवढंच सांगितलं की दफन लांबलं असलं तरी आन्स मारीत बोकड शिजलाय, तो काही पुढच्या शुक्रवारपर्यंत टिकणार नाही, आणि अर्नेस्टिन म्हणत होती, आमच्या मंत्र्याने एक घास तरी खायला हवा. ओनेझिमने पंतप्रधानांना नाही म्हटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण बोकडाला नाही म्हटलेलं देवानेही पाहिलं नसतं. पंतप्रधानांची गाडी रमच्या दुकानाशी थांबली तेव्हा मत्स्यमंत्री भाज्यांच्या मिनीबसमध्ये केळीच्या घडांवर बसून डोंगर चढत होता.

दुसरं काम हायसिंथबाई. त्यांना फोन करण्यात अर्थ नव्हता, हे मामाला कळत होतं. त्याने त्यांच्या सासूला केला. सासू म्हणजे छोट्या बेटावरची जुनी मासेवाली, चार होड्यांची मालकीण, आणि सून पाण्याला भिते हे तिचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख. मामाने तिची ख्यालीखुशाली विचारली, हवा विचारली, आणि मग सहज सांगितलं की संध्याकाळी रेडिओवर सगळ्यांची नावं पुकारतील, तेव्हा ‘हायसिंथ, गैरहजर, समुद्राच्या भीतीने’ असं बेटभर ऐकू जाईल. आडनावासकट. सासूने फोन ठेवला नाही, फेकला.

होडी निघाली, पण वेळ लागणार होता, आणि माडीवर भाषणं संपत आली होती. डॉक्टरांनी अर्थसंकल्प मांडला, विरोधी नेत्याने तो फाडला, सभापतींनी घड्याळ बघून विचारलं, आणखी कुणाला बोलायचंय का.

मामा उठला.

रेडिओवर ऐकणाऱ्यांना वाटलं आवाज बंद पडला, इतकी शांतता झाली. खाली मासे चिरणाऱ्या बायकांनी सुरे खाली ठेवले. मामाने घसा खाकरला, शेजारच्याकडे हात केला नाही, आणि म्हणाला की मला शोकप्रस्ताव मांडायचा आहे. आन्स मारीच्या मा क्लोथिलचा.

आमच्या सभागृहात नियम पुष्कळ आहेत, पाळला जातो तो एकच. शोकप्रस्तावात मध्ये बोलायचं नाही. आणि मामाने मा क्लोथिलचे सगळे नातेवाईक सांगायला सुरुवात केली. रेडिओवरच्या बाईंसारखंच, हुंदक्यांसकट, फक्त जास्त सावकाश. मुलगी अर्नेस्टिन, हुं. मुलगा आंब्रोझ ऊर्फ लोखंड, हुं, आणि लोखंड हे नाव कसं पडलं त्याची हकिकत. टोरांटोच्या नाती, त्यांचे नवरे, एकीचा आधीचा नवरा, जो अजूनही नाताळला शुभेच्छा पाठवतो. मामाच्या बिनमाइकच्या आयुष्यात साठलेलं सगळं त्या दिवशी बाहेर पडत होतं. सभापती डोळे मिटून माना हलवत होते. विरोधी नेता उठायला गेला, तर मिस युलालींनी त्याचा कोट धरून खाली ओढला. मामा काय करतोय ते त्यांना पहिल्या नातीपाशीच कळलं होतं. पण मा क्लोथिल त्यांची धर्ममाता होती, आणि धर्ममातेच्या शोकप्रस्तावात अडथळा आणला असता तर त्यांचं गावात तोंड दाखवणं मुश्किल झालं असतं. तेही मामाला ठाऊक होतं.

तिकडे आन्स मारीत अर्नेस्टिनच्या अंगणात एकाच बाकावर ओनेझिम आणि बोनिफास बसले होते. पुढ्यात एकच ताटली, मध्ये रेडिओ. सरकार आणि विरोधी पक्षाची दोन मतं मिळून बोकडाचं एकच हाड चोखत होती. मामा चौथ्या पिढीवर आला तेव्हा ओनेझिमच्या डोळ्यांना धार लागली. बोनिफास म्हणाला, अरे रडतोस काय, तुमचं सरकार वाचतंय बहुधा.

मामा भाच्यांचे भाचे संपवून शेजाऱ्यांवर आला होता, तेव्हा दार उघडलं आणि हायसिंथबाई आत आल्या. एका बाजूने दीर, दुसऱ्या बाजूने सासू. साडेतीन हात बाई खारट पाण्याने निथळत होती, चेहरा कच्च्या आंब्याच्या रंगाचा, हातात प्लॅस्टिकची बादली. सासूने त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या डोक्यावरची शेवाळाची काडी काढली, सभापतींना नमस्कार केला आणि प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसली.

“अशी होती मा क्लोथिल,” मामा म्हणाला आणि खाली बसला.

मतदान सुरू झालं. सचिव नाव पुकारतात, सदस्याने उभं राहून ‘बाजूने’ किंवा ‘विरोधात’ म्हणायचं. सगळी नावं झाली. सहा बाजूने, सहा विरोधात. शेवटी हायसिंथबाई. त्या उभ्या राहिल्या, तोंड उघडलं, आणि बादलीत वाकल्या. सचिवांनी पुन्हा नाव पुकारलं. बाईंनी मान वर करून जोरजोरात हलवली. सभापती म्हणाले, मान हलवणं म्हणजे मत नाही, शब्द ऐकू यायला हवा. बाई पुन्हा बादलीत.

डॉक्टर फॉन्तनेल यांचं हसू पहिल्यांदाच बंद झालं. विरोधी नेता मिस युलालींकडे वळला. आता फक्त हरकत घ्यायची होती. नियम त्यांच्या बाजूने होता, आणि त्यांना तो नियम पाठ होता.

मिस युलाली टेबलाला धरून उठल्या.

“सभापती महोदय, त्या ‘बाजूने’ म्हणाल्या. मला ऐकू आलं.”

विरोधी नेता म्हणाला, पण बाई, मला तर—

“तुला ऐकू येत नसेल तर कान तपासून घे. तो पलीकडे बसलाय तो दातांचाच डॉक्टर आहे, पण बघेल.”

सात विरुद्ध सहा.

बाहेर जिन्यावर मामा त्यांना हात द्यायला गेला, तर त्यांनी काठीने त्याला बाजूला सारलं. म्हणाल्या, उपकार म्हणून घेऊ नकोस. निवडणूक लागली असती तर आमच्याकडे अजून चार मतदारसंघांत उमेदवार नाहीत, आणि माझं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मग दोन पायऱ्या उतरून थांबल्या आणि म्हणाल्या की नातेवाइकांत त्याने त्यांना ‘शेजारीण’ म्हटलं ते चूक होतं. धर्मकन्या म्हणायला हवं होतं.

डॉक्टरांनी शब्द पाळला. म्हणजे मामाला काढायचा दिलेला शब्द. अर्थसंकल्प वाचला तो आपल्या भाषणामुळे, असं त्यांनी रेडिओवर सांगितलं, आणि मामाला पत्र न देता नुसता निरोप धाडला की नवा तरुण प्रतोद नेमला आहे, तू विश्रांती घे. मामा घरी आला आणि मामीला म्हणाला की आता शनिवारी तुझ्याबरोबर बाजाराला येतो. मामी म्हणाली, त्यापेक्षा सरकार पडलं असतं तर बरं होतं.

नवा प्रतोद शनिवारी बाकावर गेला. इस्त्रीचा सदरा, हातात दोन फोन. त्याने मिस युलालींपुढे अर्धी बेक धरली. त्यांनी ती घेतली, कुत्र्याला घातली, आणि सांगितलं की आपण ओळखीच्या माणसाबरोबरच खातो. इथून पुढे तुमच्या एकाही माणसाला, कुठल्याही कारणासाठी, जोडी मिळणार नाही.

डॉक्टर म्हणाले, बघू किती दिवस.

सोमवारी सकाळी मा क्लोथिलची नवी मृत्युवार्ता आली. दफन लांबल्यामुळे अर्नेस्टिनला मोकळा वेळ मिळाला होता, आणि तिने तो सत्कारणी लावला होता. आता यादीत सगळं सभागृह होतं. “भाचा, पंतप्रधान डॉक्टर फॉन्तनेल, हुं.” डॉक्टरांच्या आजीने कधीकाळी मा क्लोथिलकडून एक शेळी नेली होती, नातं तेवढंच. पण नाव रेडिओवर वाचलं गेलं की गेलंच पाहिजे. नाही गेलं तर माणूस घमेंडी ठरतो, आणि घमेंडी माणसाकडे आमच्या बेटावर लोक दातसुद्धा काढून घेत नाहीत. आणि त्याच शुक्रवारी अर्थसंकल्पाचं शेवटचं वाचन, म्हणजे पुन्हा एकदा मतदान. कायद्याने तो ढकलता येत नव्हता. विरोधकांनाही दफनाला जायचं होतं, पण मिस युलालींनी आपल्या सगळ्यांना बजावलं की जोडी नाही तर हलायचं नाही, खुर्च्यांना चिकटून बसा.

मंगळवारी आमच्या मंत्र्यांची रांग पंतप्रधानांच्या दारात. कुणाची मावशी, कुणाची धर्ममाता, ओनेझिम तर रडतच आला. संध्याकाळी मामाचा फोन वाजला. मामाच्या तोंडात नीरफणस होता, आणि अर्थातच तेव्हाच पलीकडून मऊ आवाज आला. तब्येत कशी आहे, विश्रांती झाली का, नवा मुलगा जरा कच्चा आहे. मामा चावत राहिला. 

“एव्हरिस्ट,” डॉक्टर शेवटी म्हणाले, “मला शुक्रवारी सुट्टी हवी आहे.”

मामाने गिळलं. “त्यांच्याशी बोलून सांगतो,” तो म्हणाला.

शुक्रवारी अख्खी संसद जोड्याजोड्यांनी आन्स मारीला गेली. पंतप्रधान आणि विरोधी नेता एका गाडीत, कारण एकाला सोडून दुसरा निघायला तयार नव्हता. माडीवर सभापतींच्या समोर तिघंच उरली. मामा, डोंगराचा रस्ता गुडघ्यांना न झेपणाऱ्या मिस युलाली, आणि हायसिंथबाई, ज्या आठवडाभर शहरातच होत्या आणि कुठल्याही वाहनात बसायला तयार नव्हत्या. गणसंख्येचा प्रश्न निघाला नाही. तो काढणारे सगळे दफनाला गेले होते.

सचिवांनी नावं पुकारली. हायसिंथबाई ‘बाजूने’ म्हणाल्या, या वेळी कोरड्या आवाजात. मामा ‘बाजूने’ म्हणाला, नेहमीसारखा, पुटपुटत. आणि मिस युलाली टेबलाला धरून उठल्या, समोरच्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली, आणि ‘विरोधात’ म्हणाल्या, ते इतक्या जोरात की खाली मासेवालीच्या हातून बांगडा निसटला.